ख्रिस्ती विश्वासावर आयुष्य उभं करायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बाप्तिस्म्याची (ख्रिस्ती होण्याच्या पाण्याच्या विधीची) तयारी करणाऱ्यांचा वर्ग मी गेली काही वर्षं घेतो. रविवारी उपासना सुटली की आवारातल्या लिंबाखाली चहा होतो, आणि वर्गात न विचारलेले प्रश्न तिथे, हातात कप असताना, हळू आवाजात विचारले जातात. तेच इथे लिहिले आहेत. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही आणि वकीलही नाही. सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. उत्तरं माझ्या समजुतीप्रमाणे आहेत, पण मनापासून दिली आहेत.

"विश्वास हा आयुष्याचा पाया" असं सगळे म्हणतात. म्हणजे नेमकं काय?

माझे वडील गवंडी होते, त्यामुळे मला हे त्यांच्या कामातूनच कळलं. आपली काळी माती तुम्हाला माहीत आहे. एप्रिल-मेमध्ये रानात अशा भेगा पडतात की मनगटापर्यंत हात आत जातो. पाऊस झाला की तीच माती फुगते. दरवर्षी हे फुगणं-आकसणं चालूच. त्या मातीवरच पाया बसवून भिंत उचलली, तर दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो. वडील घरमालकाला सांगायचे, मुरूम लागेपर्यंत खणायचं, मधे थांबायचं नाही. मालक म्हणायचा, "चार फूट झालं की, आता बास करा." त्याचंही बरोबर होतं, जमिनीखाली घातलेला पैसा कुणाला दिसत नाही. वडील स्वतः खड्ड्यात उतरून पहार मारायचे. काळ्या मातीत पहार भसकन आत जाते, मुरमावर खणखणते. तो आवाज आला की ते वर आमच्याकडे बघून हसायचे.

येशूनं हाच दाखला दिला आहे. बायबलमध्ये मत्तयानं सांगितलेल्या येशूच्या चरित्रात, म्हणजे मत्तयाच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात दोन घरं आहेत, एक खडकावर आणि एक वाळूवर. लूकच्या सहाव्या अध्यायात तर त्या शहाण्या माणसानं खोल खणलं असं स्पष्ट म्हटलं आहे. वडिलांना ते दोन शब्द फार आवडायचे. पाऊस, पूर आणि वारा दोन्ही घरांवर सारखाच येतो, हेही त्या दाखल्यात आहे. येशूचं ऐकून तसं वागणाऱ्याचं घर खडकावरचं. नुसतं ऐकणाऱ्याचंही घर उभं राहतं, रंगरंगोटी करून छान दिसतं, पावसाळ्यापर्यंत.

तेव्हा पाया म्हणजे काय, तर भावाशी जमिनीवरून फाटलं, नोकरी गेली, घरात मरण आलं, तर शेवटी तुम्ही कुणाचं ऐकता ते. भाऊबंद काय म्हणतील त्याचं? पैशाचं? रागाचं? ख्रिस्ती माणूस तिथे येशूचं ऐकायचं ठरवतो.

मी ख्रिस्ती घरातच जन्मलो. मला वेगळं काय निवडायचं आहे?

माझंही तसंच. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. दृढीकरणही, म्हणजे मोठं झाल्यावर तो विश्वास स्वतःच्या तोंडानं कबूल करण्याचा विधी, वेळेवर झालं, सगळे मुलगे उभे राहिले म्हणून मीही राहिलो. खरा निर्णय घेतला तो तिशी ओलांडल्यावर.

पंडिता रमाबाईंनी स्वतःबद्दल जे सांगून ठेवलं आहे ते मी अशा प्रत्येकाला सांगतो. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे त्यांनीच लिहिलं की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो भेटला त्यानंतर आठेक वर्षांनी. संस्कृत आणि शास्त्रं तोंडपाठ असलेली, पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणणारी ही बाई. तिला जर आठ वर्षं लागली, तर मला तिशी उजाडली याची लाज मी आता बाळगत नाही. पुण्याला रेल्वेनं जाताना दौंड सोडलं की थोड्या वेळानं केडगाव लागतं. त्यांचं निराधार बायकांसाठीचं मुक्ती मिशन तिथलंच.

येशूवर माझी श्रद्धा आहे. देव्हाऱ्यात इतर देवांबरोबर त्याचाही फोटो आहे. तेवढं पुरे नाही का?

त्या श्रद्धेला मी कधीच कमी लेखणार नाही. आमच्याकडे येणारे अनेक जण तिथूनच आले. पण विचारलंच आहे, तर खरं सांगतो. येशूनं शिष्यांकडे फोटोची जागा मागितली नाही. "माझ्यामागे या" म्हणाला, आणि त्यांनी जाळी सोडली. एका घराला चार पाये घालता येत नाहीत. ख्रिस्ती होणं म्हणजे एकाच्याच मागे जायचं ठरवणं. ते जड वाटत असेल तर घाई करू नका. जड वाटतं आहे म्हणजे तुम्हाला प्रश्न नीट कळला आहे.

कशावर विश्वास ठेवायचा, थोडक्यात सांगाल?

देव आहे, त्यानं आपल्याला निर्माण केलं, तो बापासारखा प्रेम करतो. आपण त्याच्यापासून दूर गेलो. त्यालाच पाप म्हणतात, आणि ते फक्त चोरी-दारूपुरतं नसतं. येशू ख्रिस्तात देव स्वतः माणूस झाला, आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. त्याच्यावर भाव ठेवणाऱ्याला क्षमा आणि नवं जीवन मिळतं, कमवून नाही, देणगी म्हणून. सत्कर्मं नंतर येतात, कृतज्ञतेनं. आमच्या वर्गात इथे नेहमी कुणीतरी थांबवतं: "म्हणजे पुण्य साठवायचं नाही?" नाही. हे पचायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, मलाही लागला.

प्रार्थनेनं आजार बरा होईल ना? आम्ही त्यासाठीच आलो आहोत.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सोलापुरात घराघरात आजारपण आहे, कर्ज आहे, आणि माणूस जिथे आशा दिसेल तिथे जातो. यात काही चूक नाही. येशूकडे आलेले बहुतेक लोक दुखणं घेऊनच आले होते.

माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, कैचीनं कापलेली पानं, दोरा. हजार विड्या भरल्याशिवाय मजुरी पुरी नाही. पन्नाशीनंतर तिला श्वासाचा त्रास सुरू झाला. तेव्हा एका प्रार्थनासभेत एका प्रचारकानं तिला सांगितलं की घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतो आहे, आणि खरा विश्वास असेल तर गोळ्या कशाला? आईनं गोळ्या बंद केल्या. पंधराव्या दिवशी तिला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. मला त्या माणसाचा आजही राग येतो, आणि त्याला क्षमा करायचं काम माझं अजून चालू आहे.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बघून विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. आजारी माणसाला कुणी त्याच्या विश्वासाचा हिशेब विचारू लागलं, तर त्याला हा अध्याय दाखवा आणि तिथून उठा. औषध चालू ठेवा. येशूचा प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत, त्याच्याबरोबर फिरणारा लूक वैद्यच होता.

आई त्यानंतर दोन वर्षं जगली. शेवटच्या दिवसांत ती तेविसावं स्तोत्र म्हणायची, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." म्हणताना दोन्ही हातांची बोटं चादरीवर हलत असायची, पान गुंडाळायची, टोक दुमडायची, दोरा घालायची. चाळीस वर्षांची सवय. ती बरी झाली नाही. पण ती घाबरलीही नाही, आणि हे मी तिच्या उशाशी बसून पाहिलं आहे. माझ्या तिशीनंतरच्या निर्णयाचं मूळ त्या खोलीत आहे.

प्रार्थना जरूर करा, आम्हीही तुमच्याबरोबर करू. कधी माणूस बरा होतो, कधी होत नाही. पण बरं होण्याच्या अटीवर विश्वास ठेवू नका. तो नवस झाला. नवस फेडला की संबंध संपतो.

ख्रिस्ती झाल्यावर पैसे किंवा नोकरी मिळते का?

नाही. कुणी देऊ केली तर घेऊ नका आणि त्या जागी पुन्हा जाऊ नका.

मनात खूप शंका आहेत. त्या मिटेपर्यंत थांबू का?

मार्कच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठवा, ज्याचा मुलगा लहानपणापासून आजारी होता. तो येशूला म्हणाला की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एकाच दमात दोन्ही बोलला. येशूनं त्याला परत पाठवलं नाही.

शंका दाबू नका, विचारा. दुःख का आहे, इतर धर्मांच्या चांगल्या माणसांचं काय, बायबलमधली युद्धं कशी समजून घ्यायची, हे सगळे प्रश्न खरे आहेत, आणि त्यातल्या काहींवर मी अजूनही अडतो. फक्त एक बघा: शंका उत्तर शोधणारी आहे, की पाऊल न टाकण्याचं कारण? ते तुमचं तुम्हालाच कळेल.

आपलं मराठीपण सोडावं लागेल का? नाव, पेहराव, सण, जेवण?

नारायण वामन टिळकांचं नाव ऐकलंच असेल. कोकणातला चित्पावन ब्राह्मण, कवी. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला, तो वाचता वाचता ते येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले, आणि फेब्रुवारी 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ते म्हणत की तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी अभंग लिहिले, ख्रिस्ताचं कीर्तन केलं. आमच्या उपासनेत त्यांची गीतं आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात. आणि त्यांच्याही आधी, 1616 मध्ये, फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं गोव्यात मराठी ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण छापलं. म्हणजे मराठीत येशू चारशे वर्षांपूर्वीच आला. रमाबाई शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या.

तेव्हा नाव बदलायलाच हवं असं नाही. नऊवारी नेसा, शेंगाचटणी-कडक भाकरी खा. मंगळसूत्र अनेक ख्रिस्ती बायका घालतात. काहींच्या मंगळसूत्राला वाट्यांच्या जागी क्रूस असतो.

सणांचं थोडं अवघड आहे. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, सगळं शहर रस्त्यावर असतं. मी पूजा करत नाही, कारण माझी पूजा एकालाच वाहिलेली आहे. पण शेजारी तिळगूळ देतात तो दोन्ही हातांनी घेतो, आणि नाताळात आमच्याकडच्या करंज्या त्यांच्याकडे जातात. प्रसादाबद्दल पौलानं करिंथकरांस पहिल्या पत्रात आठव्या ते दहाव्या अध्यायात बारकाईनं लिहिलं आहे. त्याचा रोख असा, की तुझ्या खाण्यानं दुसऱ्याच्या मनाला काय होतं ते बघ. ख्रिस्ती लोकांतही यावर एकमत नाही. स्वतः वाचून ठरवा. एक मात्र माझ्याकडून पक्कं: ज्या देवाला कालपर्यंत हात जोडत होतात, त्याच्याबद्दल आज वाकडं बोलू नका. तुमची आई अजून त्यालाच हात जोडते.

घरच्यांना कसं सांगू?

लपवून करू नका. हे मी अनुभवानं सांगतो. चोरून बाप्तिस्मा घेतलेल्यांची घरं जास्त तुटली आहेत.

टिळकांच्याच घराचं उदाहरण घ्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. त्या लहान मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिल्या. त्यातला काही काळ आपल्या पंढरपुरात गेला. पुढे त्या नवऱ्याकडे परतल्या, पण स्वतःच्या धर्मासह, सोवळ्या-ओवळ्यासह. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. पाचेक वर्षांनी त्यांचं त्यांना पटलं तेव्हा त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही सगळी हकीकत त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवली आहे. नवऱ्याच्या निर्णयाचा घाव बायकोच्या बाजूनं कसा दिसतो, हे कळायला याहून चांगलं मराठी पुस्तक मला माहीत नाही. नवरा-बायकोपैकी एकालाच ख्रिस्ती व्हायचं असेल, तर आधी ते वाचा.

पौल म्हणतो की विश्वास न ठेवणारा जोडीदार एकत्र राहायला तयार असेल तर त्याला सोडू नये. आमच्या वर्गात एक ताई आल्या होत्या. यंत्रमागावर काम करणारा नवरा, घरी सासूबाई. त्यांनी पहिले सहा महिने घरात येशूचं नावसुद्धा काढलं नाही. फक्त सासूशी भांडणं बंद केलं. एक दिवस सासूबाईच म्हणाल्या, "काय गं, बरं नाही का तुला?" मग त्यांनी सांगितलं. सासूबाई चिडल्या, आठवडाभर बोलल्या नाहीत. आज त्या उपासनेला येत नाहीत, येणारही नाहीत बहुतेक. पण रविवारी सकाळी नातवाला त्याच सांभाळतात.

आई-वडील रडतील. रडू द्या, उत्तरं देऊ नका, जवळ बसा. आणि अठरा वर्षं पूर्ण नसतील तर पालकांच्या संमतीशिवाय पुढे जाऊ नका. आम्हीही जाऊ देत नाही.

बाप्तिस्मा कधी आणि कसा होतो?

आमच्याकडे किमान काही महिने वर्ग असतो, मग पाळक आणि मंडळीचं काम बघणारी ज्येष्ठ माणसं तुमच्याशी बोलतात. कुठे पाणी शिंपडतात, कुठे पूर्ण बुडवतात. त्यावरून वाद घालण्यात मी वेळ घालवत नाही. येशूनं लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितलं आहे की बुरूज बांधणाऱ्यानं आधी बसून खर्च मोजावा. तो खर्च मोजायलाच हे महिने असतात. "या रविवारी या, लगेच उरकून टाकू" असं कुणी म्हणालं तर सावध राहा.

कायद्यानं काय बदलतं?

राज्यघटनेच्या 25व्या कलमानं आपल्याला धर्म मानण्याचं, आचरण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. तरी काही गोष्टी आधी माहीत हव्यात. 1950च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच आहे. ख्रिस्ती झाल्यावर त्या आरक्षणावर हक्क राहत नाही. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही. वारसाहक्क धर्मांतर करणाऱ्याचा जात नाही, पण हिंदू वारसा कायद्याच्या 26व्या कलमामुळे धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत अडचण येते. आणि हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचं धर्मांतर हे घटस्फोटाचं एक कारण आहे. धर्मांतराचे कायदे राज्याराज्यांत वेगळे असतात आणि बदलतात. म्हणून बाप्तिस्म्याची तारीख ठरवण्याआधी वकिलाला गाठा आणि कागद सरळ ठेवा. कागदावर एक आणि उपासनेत एक, असं दोन्हीकडे राहून सवलत घेण्याचा सल्ला काही जण देतात. मी देणार नाही. पायाच खोटा राहील.

ख्रिस्ती समाजातही जात आहे, मग उपयोग काय?

आहे. लग्न जमवताना "मूळचे कुठल्या समाजाचे?" हा प्रश्न आमच्यातही येतो, चहाच्या कपाबरोबर, गोड आवाजात. मला त्याची लाज वाटते. पौलानं गलतीकरांना लिहिलं की ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी (ग्रीक), दास-स्वतंत्र असा भेद उरत नाही. आम्ही ते वाचतो, आणि मग स्थळं बघताना विसरतो. हे लपवून तुम्हाला आत बोलावणं खोटेपणा होईल. मी एवढंच करू शकलो की माझ्या मुलीच्या वेळी हा प्रश्न कुणाला विचारला नाही, आणि कुणी विचारला तर उत्तर दिलं नाही. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण करण्याच्या विधीत, मात्र एकाच भाकरीचे तुकडे सगळ्यांच्या हातात येतात. त्या पंगतीचं मोजमाप मी मंडळीच्या उरलेल्या आठवड्याला लावतो.

कोणत्या मंडळीत जावं?

सोलापुरात कॅथलिक आहेत, जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट मंडळ्या आहेत, पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणारे पेंटेकॉस्टल आहेत. एकाच ठिकाणी दोन-तीन महिने जा. पैशाचा हिशेब सगळ्यांसमोर वाचला जातो का, पाळकाला कुणी प्रश्न विचारू शकतं का, गरीब माणसाला पुढे बसवतात की मागे, हे बघा. व्यासपीठावरच्या आवाजावरून ठरवू नका.

रोज काय करायचं?

मार्कचं शुभवर्तमान घ्या. सोळाच अध्याय आहेत. रोज एक वाचलात तर सोळा दिवसांत पूर्ण होतं. मोठ्यानं वाचा. प्रार्थनेला वेगळी भाषा लागत नाही. आई माझी सोलापुरी मराठीतच देवाशी बोलायची, आणि शेजारच्या काकू तेलुगूत. सुचलं नाही तर येशूनं शिकवलेली प्रार्थना म्हणा, "हे आमच्या स्वर्गातील पित्या". आणि त्या दिवशी वाचलेल्यापैकी एक गोष्ट करा. कुणाचे पैसे द्यायचे असतील तर द्या. कुणाशी बोलणं बंद असेल तर फोन लावा.

पहिल्यांदा उपासनेला येताना काय आणायचं? कुणी काही विचारेल का?

काहीच आणू नका. मागच्या बाकावर बसा. गीताचं पुस्तक नसेल तर शेजारचा आपलं पुढे सरकवेल, पान कितवं ते बोटानं दाखवेल. दानाची थैली फिरते, ती पुढे दिली तरी चालतं. प्रभुभोजनाच्या वेळी बसून राहिलात तर कुणी वळून बघणार नाही. सुटल्यावर लिंबाखाली थांबा, चहा घ्या. तुम्ही विचाराल तेव्हाच आम्ही बोलू.